कडूबाईची ओळ

‘‘अंगठा न्हाई द्यायची मी,’’ कडूबाई म्हणाली आणि शेळीपुढे बाभळीचा पाला टाकत राहिली.

बद्रीनाथ मास्तर उन्हात उभा होता. एका हातात कागद, दुसऱ्या हातात शाईचा पॅड. साखर कारखान्याच्या शाळेचा तो बँडमास्तर. सव्वीस जानेवारीला बीडच्या संचलनात यंदा त्याला सिनेमाचं गाणं वाजवायचं नव्हतं. गेल्या साली वाजवलं, तर गाण्याच्या मालकांची नोटीस आली. चेअरमन अर्जुनरावांनी तेव्हाच बजावलं होतं, ‘‘इथून पुढं ज्याचं गाणं त्याची सही आणायची. गाणारा मेला असंल तर वारसाची. मगच बँडवर बसवायचं.’’

त्याने निवडलेलं गाणं गावच्याच बायकांचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या कामावर त्यांनी ते रचलं. प्रत्येकीची एक ओवी आणि तिची आपली चाल. पुढे त्याच बायकांनी दूध संस्था काढली. दूध घालायला जमल्या की अजून ते गाणं म्हणत. भामाबाई वारली होती, तर तिच्या मुलाने सही केली. बाकीच्यांनी हसत अंगठे उठवले. राहिली एकटी कडूबाई.

तिची ओळ त्याने कधी ऐकलीही नव्हती. ती जागा आली की बायका थांबत. ‘‘हितं कडूबाईची ओळ हाय. तिची तिलाच इचारा,’’ असं म्हणून बायनाबाई तोंडाला पदर लावायची.

‘‘मावशी, का अडवता?’’

‘‘तळं कुणी खांदलं? आमी. आज पानी कुणाच्या उसाला चाललंय? माज्या शेळ्या कोरडं चाटत्यात.’’

‘‘ते चेअरमनला विचारा. मी बाजा वाजवणारा माणूस.’’

‘‘मग वाजीव की! मी काय तुजा हात धरलाय? माजी ओळ सोडून वाजीव.’’

‘‘मधी भोक पडंल.’’

‘‘पडू दी.’’

मास्तर परत फिरला. असं काही झालं की पूर्वी तो घरी जाऊन बायकोला, वत्सलेला सांगायचा. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या तळ्यावर तिनेही माती वाहिली होती. तेव्हा तो हैदराबादला एका बँड पार्टीत क्लॅरिनेट शिकत होता. पण गाण्याचा विषय काढला की ती म्हणायची, ‘‘मला कुठं गाता येतंय? तुमी वाजवा, मी ऐकते.’’ आता घरी चूल तोच पेटवायचा, आणि भाकरी करपली तरी कुणी हसत नव्हतं.

अर्जुनरावांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर थाप मारली.

‘‘एका धनगरणीपायी अडलास व्हय बे? कुणाचाबी अंगठा लाव. अंगठा काय बोलतोय का?’’

‘‘न्हाई मालक. तिचा म्हणजे तिचाच पायजे.’’

‘‘मग ती जागा तुज्या मनानं भर. दोन सूर इकडचे, दोन तिकडचे.’’

‘‘तिच्या जागेत मी कसा घुसू?’’

अर्जुनराव हसले, पण डोळे हसले नाहीत. ‘‘बघ बाबा. गाळप बंद हाय, गावोगाव पाण्याचे टँकर कारखान्यालाच धाडावे लागतायत. संचालक म्हणत्यात, बँड कशाला पोसायचा? बीडात हसं झालं, तर बाजे कपाटात जातील. कायमचे.’’

बाजे कपाटात गेले, तर मास्तरपाशी काही उरणार नव्हतं.

ओवी पायांसाठी रचलेली नसते. ती हवी तिथे थांबते, हवी तिथे लांबते. तिला डाव्या-उजव्यावर बसवायला मास्तरला सगळी थंडी लागली. पोरांचे ओठ फुटले. बिगुलवाले चुकले की तो स्वतः गाऊन दाखवी. आणि कडूबाईची जागा आली की हात वर करी. बिगुल, क्लॅरिनेट, ढोल सगळं बंद. नुसते पाय.

‘‘सर, लोकांना वाटंल आमी इसरलो,’’ पोरं म्हणाली.

‘‘मान ताठ ठेवा. इसरलेल्याची मान ताठ नसती.’’

बीडचं मैदान भरलं होतं. दूध संस्थेच्या टेम्पोतून गावच्या बायकाही आल्या होत्या. कारखान्याच्या शाळेचा बँड वळणावर आला आणि बायकांनी आपलं गाणं ओळखलं. बायनाबाई रडायलाच लागली. मंडपात अर्जुनराव पुढे सरकून बसले.

मग मास्तरचा हात वर गेला.

एवढ्या मैदानात फक्त पोरांचे पाय वाजले. खाली मुरूम, त्यावर कॅनव्हासचे बूट. डोक्यावर ओझं घेऊन माणसं चालावीत तसा आवाज. कुणी खोकलं नाही. मंडपात एक म्हातारा शिक्षक उभा राहिला, त्याच्या मागे दुसरा, मग सगळेच. ओळ संपली, ढोलावर काठी पडली, आणि टाळ्या अशा उठल्या की पुढचे सूर कुणाला ऐकूच आले नाहीत.

अर्जुनराव चारचौघांत म्हणाले, ‘‘आमचा बँड हाय. पुढच्या साली नवे बाजे घेतोय.’’ मास्तरची मान पोरांपेक्षाही ताठ झाली.

बायका टेम्पोत चढत होत्या. कडूबाईने त्याला लिंबाखाली बोलावलं.

‘‘ती जागा रिकामीच ठेवलीस. कायबी भरलं न्हाईस.’’

‘‘तुमची जागा होती, मावशी.’’

‘‘माजी न्हवं रं ती. मी नुसती राखत होते. एक नवी नवरी होती तळ्यावर. मालक परमुलखात. गाता गाता भरात आली आन् नवऱ्याचं नाव घेऊन बसली. सगळ्या हसल्या, ती लाजून चूर. सपत घातली आमाला. म्हणली, त्याच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई, कुणी इचारलं तर म्हणायचं कडूबाईची ओळ हाय.’’ तिने डोळे पुसले. ‘‘आज पाय ऐकलं, आन् सपत काय ठेववंना बग.’’

इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून तिने पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात म्हटलं,

‘‘डोईवर माती माझ्या, तळं भरंल कवातरी,
बाजा वाजवीत येईल बद्रीनाथ माझ्या घरी.’’