चाकाचं टोपण

पिस्टन हलत नव्हता. धाकट्याने त्याच्या माथ्यावर लाकडाचा ठोकळा धरला होता आणि मिस्त्री वरून घण घालत होता. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढून बाजूला पोत्यावर ठेवलेलं. सिलिंडरमध्ये आठवडाभर डिझेल आणि तेल मुरत घातलं होतं, तेही जसंच्या तसं उभं. खाली एक थेंब उतरला नव्हता.

"धरलेलं भूत सोडेल, पण हा नाही सोडायचा," मिस्त्री म्हणाला आणि बनियनने तोंड पुसलं.

"तुम्ही हाणा हो. माझ्या बोटांची काळजी करू नका."

इंजिन आजोबांच्या वेळचं, एका सिलिंडरचं. दोन अंगांना छातीएवढ्या उंचीची दोन ओतीव चाकं. त्याच्यावर लाकडं कापायचा आरा चालायचा. थोरला भाऊ गेला तसा आरा बंद पडला, आणि इंजिन जे जाम झालं ते झालंच. शेडमधला भुशाचा वासही निघून गेला, आता नुसता उंदरांचा येत होता. धाकट्याने मात्र मनाशी धरलं होतं. दुसऱ्याच्या आऱ्यावर ओझी उचलायला जायचं नाही. चालवायचं तर हेच.

वहिनी चहाचे कप घेऊन दाराशी उभी होती. आत येत नव्हती. चाक दांड्यावर पक्कं बसावं म्हणून एक लोखंडी पाचर ठोकलेली असते, तिला चावी म्हणतात. तिचं बोटभर डोकं बाहेर राहतं. वहिनीची नजर तिथे होती. भर वेगात त्या डोक्याने तिच्या नवऱ्याची बाही पकडली आणि बाहीमागून त्याला ओढून घेतलं. चावीवर घालायचं पत्र्याचं टोपण असतं. खडखडतं म्हणून त्यानेच ते काढून ठेवलं होतं. अजून ते भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होतं, साधा पोचासुद्धा न पडलेलं.

मिस्त्रीने तेल उपसलं, आत फडकं फिरवलं, बॅटरी मारून वाकून बघितलं. मग बोटाने कडेचं काहीतरी खरवडून जिभेला लावलं आणि थुंकला.

"हा पावसापाण्याचा गंज नाही. मिठाचं पाणी ओतलंय कोणीतरी. हवेच्या तोंडातून, चांगलं तांब्याभर."

धाकट्याने ठोकळा खाली ठेवला. "कोणी?"

दाराशी कप एकमेकांवर वाजले.

"मी." वहिनीला बाजूला सारून आई आत आली. "मी ओतलं. काय करणार आहेस? घण घालतोस माझ्या डोक्यात?"

"आई, पोटावर पाय दिलास माझ्या!"

"तुझ्या पोटाचं मला नको सांगूस. ज्या चादरीत त्याला गोळा करून आणलं, ती मी धुतलीय."

मिस्त्री उगाच पेटीतले पाने-पक्कड चाळवत बसला. थोरला गेल्यापासून आईने शेडच्या आत आज पहिल्यांदा पाय टाकला होता. रागाच्या भरात धाकट्याच्या ते ध्यानात आलं नाही. पाणी खरं कोणी ओतलं ते वहिनीला मात्र पक्कं ठाऊक होतं. ती सासूकडे बघत राहिली.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" सासू म्हणाली. "चहा गार होतोय, दे त्यांना."

चहाला कोणी हात लावला नाही. धाकट्याने मिस्त्रीच्या हातातून घण हिसकावला आणि मारत सुटला. मिस्त्रीने घाईघाईने ठोकळा धरला. "अरे, सरळ घाल! फोडशील पिस्टन!" तो ऐकत नव्हता. रडत होता की घामाचं पाणी होतं, कळत नव्हतं. मग आतून खाटकन आवाज आला, आणि ठोकळा बोटभर खाली गेला.

मिस्त्रीने चाकाला पाईप लावला. पुढे ढकललं, मागे ओढलं, पुन्हा पुढे. गंजाचं लाल पाणी ओघळलं. चाक अर्धं फिरलं, अडलं, मग कण्हत कण्हत एक पुरा फेरा घेतला.

"सुटलं!" मिस्त्री हसला. एकटाच हसला. "सिलिंडर घासून घेऊ, पिस्टनच्या रिंगा नव्या टाकू. धूर काढून दाखवतो की नाही बघ."

चावीचं डोकं वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. आई तेवढंच बघत होती. चाक थांबल्यावर तिने खिळ्यावरचं टोपण काढलं आणि धाकट्याच्या पायाशी आणून आपटलं.

"हे बसव. आत्ता, माझ्यादेखत."

"बसवतो गं. पण ते चाकाला घासतं, खडखडतं..."

"घासू दे."

वहिनी कधी निघून गेली ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. परत आली तेव्हा तिच्या हातात कापड बेतायची मोठी कात्री होती. या खेपेला ती दाराशी थांबली नाही.

"हात पुढे करा, भावजी."

"हे काय, वहिनी? बसवतोय म्हटलं ना टोपण."

"तुम्ही परत काढाल. ह्यांनीही काढलंच होतं."

त्याने हात पुढे केला. तिने सदऱ्याची बाही कोपरापाशी धरली आणि गोल कापत नेली. तुकडा जुन्या भुशावर पडला. मग दुसरी. मिस्त्रीने कोणी न सांगता आपल्या बाह्या वर सारल्या.

सासू कमरेवर हात ठेवून बघत होती. कात्री थांबली तशी म्हणाली,

"लांब ठेवलीस. अजून वर काप."