हरिचंद्रच्या हातचा

"आपल्या घरात कॉम्प्युटर येईल तर माझ्या हातचा येईल," हरिचंद्र म्हणाला. "तयार कोण आणतं? ज्याला साधा फ्यूज बांधता येत नाही तो."

हे तो अंधारात बोलत होता. घरातला फ्यूज उडाला होता आणि बकुळा तो बांधत होती.

हरिचंद्र अंबरनाथ एमआयडीसीत मेंटेनन्स सुपरवायझर होता. म्हणजे दुसऱ्याने उघडलेल्या मशीनकडे बघून मान हलवायची. हे काम तो वर्षानुवर्षं बिनचूक करत आला होता.

बकुळाचा बदलापुरात, राहत्या घरीच, टायपिंगचा क्लास. सन शहाण्णव. समोरच्या माळ्यावर विष्णुपंतांनी कॉम्प्युटर क्लासची पाटी लावली. कॉम्प्युटर अजून यायचा होता, नुसत्या पाटीवरच बकुळाच्या अर्ध्या पोरी रस्ता ओलांडून गेल्या. दिवाळीनंतरच्या बॅचला तिच्या टेबलावर कॉम्प्युटर दिसला नाही, तर उरलेल्याही जाणार होत्या.

"कंपनीचा घेऊ," बकुळा म्हणाली. "सीलबंद. बिघडला तर दुकानदाराच्या नावाने शंख करता येतो. तुमच्या नावाने किती करू?"

"कंपनीचा म्हणजे नुसत्या खोक्याचे पैसे. तेवढ्यात मी टॉपचा जोडतो. पेंटियम, सीडी, स्पीकर. विष्णुपंत जिना चढून बघायला येईल, बघ."

बकुळाने तोंड वाकडं केलं आणि भिशीचे पैसे काढून दिले.

सगळे पार्ट घरी आले आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी निघाली. हरिचंद्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणार, तोच बकुळा ताट घेऊन आली.

"आज हत्याराला हात लावायचा नाही. पूजा आहे."

चटईवर मांडलेल्या एकेका पार्टला तिने हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला, वर कुंकवात घोळलेल्या अक्षता टाकल्या. तांदूळ वांगणीचा, माहेरच्या शेतातला, जाडा. दुकानातला तिच्या देवाला चालत नसे.

"अगं, हे मशीन आहे. सत्यनारायण नाही."

"टाइपरायटरची दरवर्षी करते. एक तरी बंद पडलाय?"

एकही पडला नव्हता. हरिचंद्रने स्क्रू-ड्रायव्हर ताटाशेजारी ठेवला.

दसऱ्याला बकुळा सोनं द्यायला वांगणीला गेली आणि वसुबारसेपर्यंत तिथेच राहिली. इकडे हरिचंद्रने फुंकर मारून, रुमाल फिरवून सगळं जोडलं, झाकण लावलं आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

काही झालं नाही.

त्याने झाकण काढलं, लावलं. वायरी उलट्या केल्या, सुलट्या केल्या. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरला मारतात तशी एक चापटही मारली. शेवटी सगळं पोत्यात घालून रिक्षाने उल्हासनगरला नेलं. जुन्या मालाच्या टपरीवरच्या परसो शेठने पोत्यात डोकावून पाहिलं.

"साईं, ये तो मुर्दा है."

"मुर्दे का भी कुछ तो आएगा ना, शेठ?"

पत्र्याच्या भावाने आलं.

आता इज्जत वाचवायची तर स्कूटर विकणं भाग होतं. गिऱ्हाईक मिळता मिळता आठवडा गेला. पैसे हातात पडल्यावर तो उल्हासनगरातल्याच एका काचेच्या शोरूममध्ये गेला. तिथे चपला बाहेर काढाव्या लागत. आत टाय लावलेला श्रीपाद नावाचा सेल्समन होता.

"हा कालच आलाय, साहेब. सिंगापूरचा. सीलबंद. तुम्ही लाइनमधले दिसता, तुम्हाला काय सांगायचं?"

पुढे चकचकीत निळी पट्टी होती. हरिचंद्रने ठोकून पाहिलं, लाइनमधल्या माणसासारखी मान हलवली.

"बघितल्या बघितल्या कळतं. हाताने जोडलेल्यात ही फिनिश येत नाही."

घरी आणल्यावर त्याने नखाने निळी पट्टी काढली, सिंगापूरचा स्टिकर काढला. गॅरंटीचं सीलही खरवडून टाकलं.

बकुळा आली. तिने बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला. तिने नवऱ्याकडे नीट बघितलं.

"तयार आणलात ना?"

"का? चालतोय की!"

"चालतोय म्हणून तर विचारते."

"बकुळा!" दुखावल्यासारखा आवाज काढायला त्याला कष्ट पडले नाहीत.

"स्कूटर कुठाय?"

"मेकॅनिककडे. कार्बोरेटर."

दिवाळीनंतरची बॅच भरली. गेलेल्या पोरी रस्ता ओलांडून परत आल्या. विष्णुपंत खरंच जिना चढून आले, हात मागे बांधून बघून गेले. कारखान्यात हरिचंद्र डबा खाता खाता पेंटियमवर भाषण द्यायला लागला. फक्त बकुळा काही मानायला तयार नव्हती.

"कुणाच्या हातचा ते देवाला माहीत," पोरींसमोर रोज एकदा तरी म्हणायचीच.

कॉम्प्युटरला एकच खोड होती. मध्येच आतून खुळखुळ यायची.

"पॉवरफुल मशीन आहे. आवाज असणारच," हरिचंद्र सांगायचा.

एका रविवारी खुळखुळ फारच वाढली. आवाज नेमका कुठून येतो ते बघायला बकुळाने मशीन चालूच ठेवलं आणि स्क्रू काढून झाकण उचललं.

"अगं, सीलबंद..." हरिचंद्र धावला आणि त्याने जीभ चावली.

पुढ्यात बॅच बसली होती. बकुळाने आत हात घातला. आत कुठेतरी सिंगापूरचा शिक्का असणार, हे हरिचंद्र धरूनच चालला. आता आपणच सांगितलेलं बरं.

"बकुळा, ऐक. मी तुला एक सांगणार होतो. हा कॉम्प्युटर मी..."

"काही सांगू नका."

तिने मूठ उघडली. तळहातावर कुंकवाने लाल झालेले जाडे तांदूळ होते.

"माझ्या खंडेनवमीच्या अक्षता," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "आणि मी रोज चार पोरींसमोर संशय घेत बसले. चुकलं हो माझं. तुमच्याच हातचा आहे."

हरिचंद्र स्टुलावर बसला. परसो शेठला पत्र्याच्या भावाने दिलेलं पोतं त्याला आठवलं.

बकुळाने अक्षता डोळ्यांना लावल्या आणि मनोभावे परत कॉम्प्युटरवर वाहिल्या.

कॉम्प्युटर बंद पडला.