पाळण्याची साखळी

पेट्रोल रेशनवर आल्यापासून भोरची कोळशाची लॉरी फेऱ्या वाचवायला मागं गाडा जोडून न्यायची. जोडाला खीळ, आणि ती उडालीच तर गाडा धरायला साखळी. आपल्या पोरीच्या बारशाला लॉरीवर काम करणाऱ्या गेनूनं तीच साखळी काढून आढ्याला पाळणा टांगला. “एका खेपेला खीळ पुरंल,” तो बायकोला, बनाबाईला, म्हणाला. वरंध घाटाच्या चढावर खीळ उडाली आणि पोत्यांवर बसलेला गेनू गाड्यासकट दरीत गेला. तेरावा झाल्यावर लॉरी चालवणारा त्याचा धाकटा भाऊ नवा गाडा घेऊन दारात आला. “वैनी, साखळी,” एवढंच बोलला. बनाबाईनं झोपलेली पोर घोंगडीवर ठेवली, साखळी सोडवून त्याच्या हातात दिली. “नीट अडकवा, भावजी.” पोर जागी होऊन रडू लागली. बाहेर लॉरी हलली आणि साखळी वाजली, पाळणा हलताना वाजायची तशीच. आत पोर गप्प झाली.