उकंडाच्या मापाची रायफल

डुकरं रोज एकेका वावरातली कपाशीची पराटी झोपवत होती, आणि ती मारायचा परवाना अख्ख्या गावात एकट्या उकंडाकडे. बंदुका दुरुस्त करणाऱ्या नीळकंठकाकांनी त्याच्या खांद्याच्या मापानं रायफलचा दस्ता कापून दिला. तिच्यावरची दुर्बीणही चारदा मागेपुढे सरकवून झाली.

"काका, धुकंच दिसून राह्यलं. दुर्बीण खराब असन."

काकांनी स्वतः डोळा लावला. लांबच्या कडुलिंबाचं पान न् पान स्वच्छ दिसत होतं. त्यांनी रायफल खाली ठेवली.

"इतक्यात कपाशीवर औषधाचा फवारा मारला काय रे?"

"आठ दिस झाले, मारूनच राह्यलो."

"घाबरू नको बापा. डाव्या डोळ्यानं नेम धर. दस्ता त्या अंगानं बसवून देतो."

 

"डावा त मागच्या सालच्या फवारणीतच गेला, काका."