मढ्याचं काम

पडेगावच्या मोकळ्या मैदानात आमच्या हौशी मंडळींनी जुनाच एक फार्स लावला होता. बायको रडते का, हे बघायला नवरा मेल्याचं सोंग घेतो. तिनं "आता मी दुसरं लगीन करते!" म्हणताच त्यानं ताडकन उठायचं. मुंजाबा आणि सारजाबाई घरीही नवरा-बायकोच, त्यामुळे तालमींचा अर्धा त्रास वाचला होता.

सारजाबाई वाक्य बोलली. मुंजाबा उठला नाही. लोक हसले. ती पुन्हा, मोठ्यानं बोलली. लोक आणखी हसले. तेवढ्यात गवतातला एक मुंगळा मुंजाबाच्या गालावरून पापणीवर चढला. पापणी हलली नाही. तालमीत साधी माशी बसली तरी हा माणूस शिव्या देत उठायचा. सारजाबाई वाक्यबिक्य सोडून त्याच्याशेजारी बसली आणि त्याला गदागदा हलवायला लागली.

"अवं, नाय करत मी लगीन! देवाशपथ नाय करत! उठा की वो!"

मैदान हसून लोटपोट झालं. मुंजाबानं एक डोळा उघडला आणि हळूच म्हणाला, "मंजुषाताई काल म्हणल्या, तुझं रडणं खरं वाटंना. आज वाटलं बघ."

पडदा पडल्यावर नाटक बसवणाऱ्या मंजुषाताई धावत आल्या. "सारजाबाई, कमाल केली! उद्या करमाडच्या खेळालाही अस्संच करायचं."

सारजाबाईनं मुंजाबाचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"उद्याला मढं दुसरं बघा, ताई. हे मला घरी लागतेत."