मनूची उरलेली बाटली

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. दोन जावांची गोष्ट सांगायची आहे. लांबण लावायची नाही.

डॉक्टरबाईंच्या खोलीत थोरली खुर्चीच्या कडेवर टेकली होती. लेक तिची, पण चिमी बसली होती काकूच्या मांडीवर. सात वर्षांची पोर चार दिवसांच्या जुलाबांनी पार चिपाड झाली होती, आणि मान टाकायला तिला सापडला होता धाकटीचाच खांदा. थोरलीच्या काळजात चर्र झालं. लेकीच्या काळजीनं झालं, आणि त्या खांद्यामुळेही झालं.

"ताई, घ्या ना हिला," धाकटी म्हणाली.

"राहू दे. तुझ्याकडेच बरं वाटतंय तिला." शब्द गोड होते, आवाज आंबट.

तीन आठवड्यांपूर्वी दोघींच्या लेकी एकदमच आजारी पडल्या. धाकटीच्या मनूच्या कानात पू झाला होता, म्हणून तिला गुलाबी अँटिबायोटिक मिळालं. चौथ्या दिवशी पोर ठणठणीत! चिमीला काय मिळालं? "साधी सर्दी आहे, आपोआप जाईल." आपोआप! शाळेच्या नाटकात राणी व्हायची होती चिमी. ती अंथरुणात नाक पुसत बसली आणि मुकुट चढला मनूच्या डोक्यावर. त्याच संध्याकाळी थोरलीनं फ्रिजच्या दारातली मनूची उरलेली बाटली उचलली. चार दिवस दिलं, मनूच्याच मापानं. रिकामी बाटली कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत नेऊन टाकली.

"ताप आहे, शौचाला आव पडतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एवढ्यात हिला कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं?"

"छे हो. तुम्ही दिलंत कुठे?" टोमणा मारायची संधी थोरलीनं तिथंही सोडली नाही. "आता तरी काहीतरी कडक द्या. मनूला दिलंत तसं."

डॉक्टरबाईंनी पेन उघडलं. दोन अक्षरं लिहिली आणि थांबल्या.

"पुन्हा विचारते, रागावणार नाही. ही औषधं कान बरा करतात, पण त्या झपाट्यात आतड्यातले राखणदार जंतूही मरतात. मग उपद्रवी जंतूंना रान मोकळं. औषध संपून काही आठवडे झाले तरी त्रास होऊ शकतो. तसं असेल तर तपासणी वेगळी, उपचार वेगळे. मी आत्ता लिहितेय त्यानं पोरीचे आणखी हाल होतील. कुणाचंही, कुठलंही औषध दिलं होतं?"

देवानं जीभ दिली ती खरं बोलायलाच, पण समोर जाऊ बसली की ती भारी जड होते. हिच्यादेखत सांगायचं? म्हणजे जन्मभर हिच्या हातात कोलीत! तेवढ्यात चिमी कण्हली आणि तिनं गुडघे पोटाशी ओढले.

"दिलं," थोरली म्हणाली. "मनूचं उरलेलं. चार दिवस. मीच."

डॉक्टरबाईंनी लिहिलेला कागद टरकावला, दुसरा पुढे ओढला आणि शौचाच्या नमुन्याची डबी थोरलीच्या हातात दिली.

थोरली खाली मान घालून टोमण्याची वाट बघत होती. धाकटी उठली. चिमीला तिनं अलगद आईच्या मांडीवर ठेवलं आणि तिथंच वाकून हळू आवाजात म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी चिमीचं महिन्याचं टॉनिक पंधरा दिवसांतच संपायचं. तुम्ही औषधवाल्याशी भांडून आला होतात."

"मग?"

"चिमी वर्गात पहिली आली होती ना... मनूला रोज एक चमचा मी त्यातलंच देत होते."

डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं, "घरात अजून किती बाटल्या आहेत?"

दोघी बोटांवर मोजू लागल्या, पण आकडा काही जुळेना.

मायबाप, मागणं एकच. उद्या देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या डॉक्टरबाईंची आठवण ठेवा, ज्यांनी लिहिता हात थांबवून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.