आंघोळीचं पान

बहीण बाळाची दुपटी पिशवीत भरत होती. "दादा, हिला मी नेते. बारा दिवसांची पोर, तुला कशी झेपेल?"

मी पायांवर उशी पालथी घेऊन आंघोळ घालायला शिकत होतो. शेजारी बायकोचं आईपणाचं पुस्तक उघडं होतं. बाळंतपणात ती गेली. तिच्या केसांची पिन आंघोळीच्या पानाला तशीच लावलेली होती.

बहिणीला हसू आलं, मग रडू. "पुस्तक वाचून कुणी आई होतं का रे?"

सातव्या महिन्यात बायकोला मी नेमकं हेच म्हणालो होतो, चहा मागताना, हसत. पिन लावून तिने पुस्तक मिटलं, ते पुन्हा उघडलंच नाही.

पिशवीतली दुपटी मी एकेक करून परत बाहेर काढली.